आघातानंतरचं मूल : पहिल्या दिवसापासून उपचार संपेपर्यंत

मूल एखाद्या भयंकर प्रसंगातून गेलं की भोवतालच्या मोठ्या माणसांचे दोन गट पडतात. एक गट पहिल्याच रात्री मुलाला जवळ बसवून म्हणतो, ‘काय झालं ते सगळं सांगून टाक, मन मोकळं होईल.’ दुसरा गट एकमेकांना डोळ्यांनी दटावतो : विषय काढू नका, लहान आहे, विसरेल. दोघांचंही अर्धं बरोबर असतं, वेळ मात्र चुकते. सुरुवातीच्या दिवसांत खोदून विचारायचं नसतं आणि महिने उलटूनही त्रास तसाच असेल तर गप्प बसायचं नसतं. लोक बहुतेक वेळा नेमकं उलटं करतात. मीही केलेलं आहे.

हा लेख पालक, शिक्षक आणि या कामात नुकतंच पाऊल टाकलेले समुपदेशक यांच्यासाठी आहे. सोबत एक काल्पनिक उदाहरण ठेवू. सात वर्षांची एक मुलगी गाडीच्या मागच्या सीटवर झोपली होती. जाग आली ती काच फुटल्याच्या आवाजाने. तिला फक्त खरचटलं, पण वडिलांना रुग्णवाहिकेतून नेताना तिने पाहिलं आणि पुढचे दोन तास ते जिवंत आहेत की नाहीत हे तिला कुणी सांगितलं नाही.

पायरी पहिली : पहिले काही दिवस

या दिवसांत उपचार नसतो, प्रथमोपचार असतो. मुलाला आपल्या माणसांजवळ आणणं, खाणं-पिणं, ऊब, झोपायला ओळखीची जागा आणि पुढच्या काही तासांत काय होणार याची साधी माहिती. ‘बाबा दवाखान्यात आहेत, त्यांचा हात मोडलाय, संध्याकाळी आपण त्यांना भेटणार आहोत’ एवढी तीन वाक्यं त्या मुलीसाठी कुठल्याही समुपदेशनापेक्षा मोठी आहेत. खोटा दिलासा देऊ नका. ‘आता काही होणार नाही’ हे खरं असेल तरच म्हणा. घरातच मारहाण होत असेल तर ते खरं नसतं, आणि अशा वेळी पहिलं काम मुलाला त्या धोक्यापासून दूर नेण्याचं. धोका चालू असताना आघातावरचा उपचार म्हणजे पाऊस चालू असताना अंगण सुकवणं.

मूल आपणहून बोललं तर ऐका, थांबवू नका. गप्प राहिलं तर राहू द्या. ‘घटना घडल्याबरोबर सगळ्यांना एकदा बसवून तपशीलवार बोलतं करायचं’ ही पद्धत १९८०च्या दशकात अग्निशमन आणि आपत्कालीन सेवांतल्या कर्मचाऱ्यांसाठी पुढे आली आणि बघता बघता सगळीकडे पसरली. नीट चाचण्या झाल्या तेव्हा तिने नंतरचा त्रास टळत असल्याचं दिसलं नाही. उपचारांबद्दल मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०१८ची मार्गदर्शिका तर असं सत्र देऊच नका म्हणते. तरीही कुठे दुर्घटना झाली की हौशी मंडळी ‘मुलांचं मन मोकळं करायला’ पोचतातच. हेतू चांगला असतो, पण दारातच थांबवावं.

टीव्ही आणि मोबाइलवरची दृश्यं बंद करा. १९९५च्या ओक्लाहोमा सिटीतल्या बॉम्बस्फोटानंतर तिथल्या शाळकरी मुलांचा अभ्यास झाला. त्यात ती दृश्यं टीव्हीवर खूप पाहणं आणि आघाताची लक्षणं यांचा संबंध आढळला. मूल झोपत नाही म्हणून झोपेची किंवा चिंतेची गोळी देण्याचा मोहही टाळा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली स्पष्ट सांगितलं आहे की पहिल्या महिन्यात आघाताच्या लक्षणांसाठी मुलांना बेंझोडायझेपिन गटातली औषधं देऊ नयेत.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर एक वेगळी खबरदारी हवी. तपास करू नका. ‘काकांनी इथे हात लावला का?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारले की मुलाची आठवण गढूळ होते आणि पुढे त्याची साक्ष कमकुवत ठरू शकते. मूल जे म्हणालं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. ‘सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही’ एवढं म्हणा आणि बालसंरक्षण यंत्रणेला कळवा. अनेक देशांत हे कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

पायरी दुसरी : पहिला महिना नुसतं बघायचं

मुलांना असा त्रास होतो हे मान्य व्हायलाच वेळ लागला. पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर ताणविकार, हे निदान अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत (डीएसएम) आलं १९८० साली, आणि तेव्हा ते मांडताना मुख्यतः युद्धावरून परतलेले सैनिक आणि इतर प्रौढच डोळ्यांसमोर होते. त्याआधी चार वर्षं, जुलै १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या चाउचिला गावातली एक शाळेची बस अपहरणकर्त्यांनी पळवली. सव्वीस मुलं आणि बसचालक यांना जमिनीखाली पुरलेल्या ट्रेलरमध्ये कोंडण्यात आलं. सुमारे सोळा तासांनी ते स्वतःच बाहेर पडले. सगळे जिवंत, शरीराने जवळपास धडधाकट. ‘सुटलो बुवा’ म्हणून प्रकरण संपलं असतं. पण लेनोर टेर या बालमानसोपचारतज्ज्ञ काही महिन्यांनी त्या मुलांना भेटल्या आणि पुढे चार वर्षांनीही पुन्हा भेटल्या. त्रास प्रत्येक मुलात उरलेला होता. ‘ही गोष्ट होणार याची खूण आधीच मिळाली होती, मीच ओळखली नाही’ असं मुलं मानत होती. आपण फार जगणार नाही असं काहींना वाटत होतं. आणि खेळांत तोच प्रसंग पुन्हा पुन्हा येत होता.

हा खेळ ओळखायला शिका. साध्या खेळात गोष्ट पुढे सरकते, नवी पात्रं येतात, मूल हसतं. आघाताचा खेळ जात्यासारखा एकाच जागी फिरतो. आपल्या उदाहरणातली मुलगी दोन खेळण्यातल्या गाड्या एकमेकींवर आपटते, मग तिसरी गाडी ‘ट्यांव ट्यांव’ करत आणते, मग पुन्हा पहिल्यापासून. चेहऱ्यावर मजा नसते. मध्येच थांबवलं तर चिडते. दिवसातून वीस वेळा हे चाललं तरी तिला हलकं वाटत नाही. लहान मुलांत आठवणी उफाळून येण्याचं हे मुख्य रूप असू शकतं, कारण ‘मला ते प्रसंग दिसतात’ हे वाक्य त्यांच्याकडे नसतं. म्हणूनच त्या निदान-पुस्तिकेच्या २०१३च्या आवृत्तीत, म्हणजे डीएसएम-५ मध्ये, सहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांसाठी निदानाचे वेगळे निकष आले.

बाकी चिन्हं साधारण चार दिशांनी येतात : प्रसंग पुन्हा पुन्हा मनात किंवा स्वप्नात येणं, त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणं, मन उदास किंवा बधिर होणं आणि स्वतःला दोष देणं, शरीर सतत ‘सावध’ स्थितीत असणं. शेवटचं चिन्ह शाळेत फार फसवतं. मूल बाकावर स्थिर बसत नाही, दचकतं, एकाग्र होत नाही, मारामारी करतं, आणि शिक्षक म्हणतात ‘अतिचंचल आहे’. हे आधीपासून होतं की त्या प्रसंगानंतर सुरू झालं, हा एक प्रश्न विचारला तर बरेच चुकीचे शिक्के टळतील. पाच-सहा वर्षांची मुलं पुन्हा अंथरूण ओलं करू लागतात, एकटी झोपत नाहीत, पोट दुखतं म्हणतात. किशोरवयीन मुलं उलट काहीच सांगत नाहीत. ती रात्री जागतात, वेगाने गाडी चालवतात, नशेकडे वळतात.

या महिन्यात दिनक्रम शक्य तितका पूर्वीसारखा ठेवा. शाळा फार दिवस चुकवू नका. लाड करा, पण नियम मोडीत काढू नका. घरातले सगळे नियम एकाएकी गळून पडले तर मुलाला वाटतं, परिस्थिती खरंच हाताबाहेर गेली आहे.

पायरी तिसरी : महिन्यानंतर मोजायचं

पीटीएसडीचं निदान लक्षणं महिन्याहून जास्त टिकली तरच होतं. त्याआधीच्या, तीन दिवस ते एक महिना या काळातल्या तीव्र त्रासाला तीव्र ताणविकार असं वेगळं नाव आहे. या थांबण्याला कारण आहे. २०१४ साली इव्हा अलिसिक आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा आघात अनुभवलेल्या मुलांपैकी सुमारे १६ टक्क्यांना पीटीएसडी झाल्याचं दिसलं. माणसाने हेतुपुरस्सर केलेल्या आघातानंतर हे प्रमाण जास्त होतं, अपघात किंवा नैसर्गिक आपत्तीनंतर कमी. म्हणजे बहुसंख्य मुलं घराच्या आधारावर सावरतात. पण आपोआप होणारी ही सुधारणा मुख्यतः पहिल्या सहा महिन्यांत होते. त्यानंतरही ‘होईल हळूहळू’ म्हणत बसण्यात हशील नाही.

मोजायला साधनं आहेत. आठ वर्षांवरच्या मुलांसाठी सीआरआयईएस-८ नावाची आठ प्रश्नांची प्रश्नावली आहे. गेल्या आठवड्यात नको असताना तो विचार आला का, आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळल्या का, अशा धर्तीचे प्रश्न, आणि उत्तरं ‘कधीच नाही’पासून ‘बऱ्याचदा’पर्यंत. गुण १७ किंवा जास्त आले तर तज्ज्ञाकडे पाठवा. हे निदान नव्हे, चाळणी आहे. नवशिक्यांची एक सवय इथेच मोडायला हवी : फॉर्म आईच्या हातात देऊन काम झालं असं समजायचं नाही. मूल रात्री जागं असतं ते आईला ठाऊक नसतं, आणि आईला आणखी त्रास नको म्हणून मूल तिच्यासमोर ‘मी बरा आहे’ म्हणतं. मुलाला एकट्याला विचारा, मग पालकांना वेगळं विचारा आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा.

काही बाबतींत महिनाभर थांबायचंच नाही. मूल मरण्याबद्दल बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, जेवण-झोप पार तुटली असेल किंवा धोका अजून चालू असेल, तर आजच मदत घ्या.

वर्षानुवर्षं चाललेल्या छळाचं चित्र एका अपघातापेक्षा वेगळं असतं. लक्षणांच्या जोडीला भावना आवरत नाहीत, स्वतःबद्दल घृणा वाटते, माणसांवर विश्वास बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झालं, याला कॉम्प्लेक्स पीटीएसडी असं स्वतंत्र निदान मिळालं.

आणखी एक सावधगिरी. १९९८ साली व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आंडा यांचा एसीई (बालपणीचे प्रतिकूल अनुभव) अभ्यास प्रसिद्ध झाला. बालपणीचे वाईट अनुभव जितके जास्त, तितका प्रौढपणी हृदयविकार, नैराश्य, व्यसन यांचा धोका जास्त, असं हजारो प्रौढांच्या माहितीवरून त्यात दिसलं. अभ्यास मोलाचा आहे. पण त्यातून निघालेला ‘एसीई स्कोअर’, म्हणजे अशा अनुभवांची मोजणी, एकेका मुलाचं भविष्य सांगायला सर्रास वापरला जातो, आणि खुद्द आंडा यांनीच २०२०च्या लेखात त्याविरुद्ध इशारा दिला. लोकसंख्येचा हिशेब एका मुलाची पत्रिका होत नाही. ‘स्कोअर सहा आहे, आता हिचं कसं व्हायचं’ असं पालकांसमोर म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

पायरी चौथी : उपचार निवडणं

आता बोलण्याची वेळ आली. सर्वांत भक्कम पुरावा ज्याच्या मागे आहे तो उपचार म्हणजे आघात-केंद्रित सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक यांवर काम करणारा मानसोपचार. त्याचं सर्वाधिक वापरलं जाणारं रूप ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंगर यांनी घडवलं. साधारण तीन ते अठरा वर्षं वयासाठी आहे, बहुतेकदा १२ ते १६ सत्रं, आणि पालक सुरुवातीपासून त्यात असतात. पालकांना बाहेर बाकावर बसवून ठेवणारा उपचार असेल तर कारण विचारा.

हा उपचार का चालतो ते समजलं की मधल्या काळात धीर सुटत नाही. आपली मुलगी गाडी दिसली की रडते, आई म्हणते ‘बरं, चालत जाऊ’, आणि रडणं लगेच थांबतं. दोघींना सुटल्यासारखं वाटतं. पण मुलीच्या मेंदूने धडा घेतला तो असा : गाडी टाळली म्हणून वाचलो. दर वेळी टाळताना भीती घट्ट होते. आठवणीचंही तसंच. मन तिच्यापासून पळतं म्हणून ती कधीच ‘झालं गेलं’च्या खणात जाऊन बसत नाही. उपचार हे पळणं थांबवतो, पण हळू.

पहिल्या काही सत्रांत त्या प्रसंगात शिरत नाहीत. मुलाला सांगतात की असं वाटणं वेडेपणा नाही, अनेकांना वाटतं. श्वास आणि स्नायू सैल करण्याचे सराव होतात. भावनांना नावं दिली जातात. कागदावर भीतीचा थर्मामीटर काढतात, शून्य ते दहा. पालकांना वेगळ्या वेळी वागणुकीचे प्रश्न हाताळायला शिकवतात.

मग गोष्ट लिहायला घेतात. मुलीचं पहिलं पान असतं ‘मी आणि माझं घर’. दुसरं, ‘त्या दिवशी सकाळी’. तिसऱ्या पानावर ती लिहिते, ‘मोठा आवाज आला. मग आम्ही घरी आलो.’ मधलं सगळं गायब. समुपदेशक थर्मामीटर पुढे करते. मुलगी आठवर बोट ठेवते. श्वास, थोडं थांबणं, पाचवर आल्यावर पुन्हा एक वाक्य. पुढच्या आठवड्यात तेच पान मोठ्याने वाचायचं आणि एक ओळ वाढवायची. तीन-चार सत्रांत मधली रिकामी जागा भरते आणि एके दिवशी त्यातून एक वाक्य बाहेर पडतं : ‘मी झोपले नसते तर बाबांना सांगितलं असतं.’

सगळ्या उपचाराचं मर्म अशा वाक्यात दडलेलं असतं. घरात कुणालाच पत्ता नव्हता. सगळे समजत होते ती आवाजाला घाबरते. ती तर दोषी म्हणून जगत होती. इथे ‘छे, तुझी काय चूक!’ म्हणून विषय मिटवणं सोपं आहे आणि निरुपयोगी आहे. समुपदेशक तिलाच विचारते : मागच्या सीटवरून समोरचं किती दिसतं? जागी असतीस तर किती सेकंद मिळाले असते? तुझी मैत्रीण असती तर तिला काय म्हणाली असतीस? मुलगी स्वतः उत्तर शोधते आणि ते गोष्टीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिते. मग ती गोष्ट आईवडिलांना वाचून दाखवते. त्यासाठी समुपदेशकाने आईवडिलांची आधी तयारी करून घेतलेली असते, म्हणजे ऐकताना ते कोसळत नाहीत.

जोडीला गाडीशी पुन्हा ओळख : उभ्या गाडीला हात लावणं, दार उघडं ठेवून आत बसणं, इंजिन सुरू, कोपऱ्यापर्यंत एक फेरी. प्रत्येक पायरीवर भीती ओसरेपर्यंत थांबायचं. मध्येच उतरवलं तर पुन्हा टाळण्याचाच धडा मिळतो.

दुसरे पर्यायही आहेत. फ्रान्सिन शापिरो यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी मांडलेल्या ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून डोळ्यांची विशिष्ट हालचाल करतात. मुलांसाठीही त्याला पुरावा आहे, पण डोळे हलवण्याने नेमकं काय होतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी, विशेषतः घरात हिंसा झाली असेल तर, अलिसिया लीबरमन आणि सहकाऱ्यांची बाल-पालक मानसोपचार पद्धत आहे. तिच्यात आई आणि मूल एकत्र खेळतात आणि दुरुस्त होतं ते त्यांचं नातं. युद्ध आणि विस्थापनात एकामागून एक आघात झालेल्या मुलांसाठी कथनाधारित एक्स्पोजर उपचार आहे, म्हणजे आयुष्याची गोष्ट सांगत त्या आठवणींना सामोरं जाणं. जमिनीवर दोरी अंथरून आयुष्याची रेघ करतात, वाईट प्रसंगांसाठी दगड, चांगल्यांसाठी फुलं. शाळेत गटाने करता येईल असा सीबीआयटीएस हा दहा सत्रांचा कार्यक्रम लॉस एंजेलिसच्या शाळांत तपासला गेला. हिंसा पाहिलेल्या सहावीच्या मुलांची लक्षणं त्याने कमी झाल्याचं २००३ साली प्रसिद्ध झालं. जिथे तज्ज्ञ थोडे आणि मुलं खूप, तिथे हा रस्ता मला सर्वांत व्यवहार्य वाटतो.

औषधांबद्दल थोडक्यात. नाइसची २०१८ची मार्गदर्शिका अठराखालच्या मुलांना पीटीएसडीसाठी औषध देऊ नये म्हणते. २००७च्या एका छोट्या चाचणीत मानसोपचाराला सर्ट्रालीन या नैराश्यावरच्या औषधाची जोड दिली, तेव्हा खास जादा फायदा दिसला नाही. सोबत तीव्र नैराश्य किंवा दुसरा आजार असेल तर त्याचा विचार मानसोपचारतज्ज्ञ वेगळा करतील.

समुपदेशकाला पहिल्या भेटीत हे विचारा : मुलांच्या आघातावरच्या कोणत्या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलंय? साधारण किती सत्रं? सुधारणा कशी मोजणार? आमचा सहभाग कसा असेल? उत्तरं गोलमोल आली, किंवा संमोहनाने दडलेल्या आठवणी काढणं, मुलाला जबरदस्तीने धरून ठेवणं असलं काही ऐकू आलं, तर उठा.

पायरी पाचवी : उपचार चालू असताना

गोष्ट लिहिण्याच्या आठवड्यांत झोप पुन्हा बिघडू शकते, चिडचिड वाढू शकते. बरीच कुटुंबं इथेच उपचार सोडतात. समुपदेशकाला सांगा, वेग कमी करता येतो, पण मध्यावर सोडू नका. जखम उघडून पट्टी न बांधता उठण्यासारखं ते होईल.

शिक्षकांना सगळा प्रसंग सांगायची गरज नाही. आठवण जागी करणाऱ्या दोन-तीन गोष्टी सांगा : अचानक मोठा आवाज, सायरन, काच. आगीच्या सरावाची घंटा वाजणार असेल तर मुलीला आदल्या दिवशी कळवता येतं. दाराजवळची जागा देता येते. न बोलता बाहेर जाऊन पाणी पिऊन येण्याची एक खूण ठरवता येते.

आणि स्वतःकडे पाहा. त्या गाडीत वडीलही होते. त्यांना झोप लागत नसेल, ते गाडीचं नाव काढताच उठून जात असतील, तर मुलगी त्यांच्याकडूनच शिकते की हा विषय बोलण्याजोगा नाही. पालकाचा त्रास आणि मुलाचा त्रास हातात हात घालून चालतात, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. वडिलांनी स्वतःसाठी वेळ घेणं हा मुलीच्या उपचाराचाच भाग धरा.

शेवटच्या सत्रात तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्या आणि पहिल्या कागदाशेजारी ठेवा. तीन महिन्यांनी एकदा भेट ठरवा. अपघाताची तारीख जवळ आली की काही दिवस जुनी लक्षणं डोकावतात. ती तारीख कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा आणि मुलीलाही सांगा, म्हणजे त्या आठवड्यात वाईट स्वप्न पडलं तर सगळं पहिल्यासारखं झालं असं तिला वाटणार नाही. लिहिलेली गोष्ट कुठे ठेवायची ते तिला ठरवू द्या. कुणी ती फाडतं, कुणी समुपदेशकाच्या कपाटात ठेवायला सांगतं. आपली मुलगी ती दप्तरात घालते आणि पुढे आठवडाभर तिथेच विसरते.